मल्याळी बोलपट : आरसा कीं पडदा ?

सिनेमा हा शब्द कानीं पडतांच वडीलमंडळींच्या कपाळास आठी पडते व विद्यार्थिवर्गाच्या मुखावर हास्य उमटतें. एक पक्ष म्हणतो, सिनेमानें मुलें बिघडतात. दुसरा म्हणतो, अभ्यासाचा शीण घालविण्यासाठीं दोन घटका करमणूक केली तर बिघडलें कोठें? या वादांत आम्हांस असें दिसून येतें कीं, एका बाबतींत या दोन्ही पक्षांचें पूर्ण एकमत आहे. सिनेमा ही विचार करण्याजोगी वस्तु नव्हे, असें दोघेही गृहीत धरून चालतात. पुस्तक वाचून झालें म्हणजे त्यांत काय सांगितलें आहे असें आपण एकमेकांस विचारतों. चित्रपट पाहून आल्यावर मात्र तो चांगला होता कीं वाईट, एवढें विचारून मोकळे होतों. आमच्या मतें ही चूक आहे. एखाद्या लोकसमूहाचे चित्रपट लक्षपूर्वक पाहिले असतां ते लोक कसे राहतात, कोणास मान देतात, कोणास उंबऱ्याबाहेर ठेवतात, कशाची लाज बाळगतात व कशाची बाळगीत नाहींत, हें बरेंचसें समजूं शकतें. मात्र त्यासाठीं पडद्यावर काय दिसतें याबरोबरच काय दिसत नाहीं, हेंही पाहावें लागतें.

हें आमचें म्हणणें स्पष्ट करण्यासाठीं मल्याळम् भाषेंतील चित्रपटांचें उदाहरण आम्ही घेत आहों. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं अस्तित्वांत आलेलें केरळ राज्य हें विस्तारानें लहान. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें त्याची लोकसंख्या सुमारें ३ कोटि ३४ लक्ष, म्हणजे महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. असें असतां तेथील बोलपटांचें नांव आज देशभर घेतलें जातें. पडद्याखालीं भाषांतराचीं अक्षरें उमटण्याची सोय झाल्यापासून मल्याळम् भाषेचा गंधही नसलेला मराठी प्रेक्षक हे बोलपट घरबसल्या पाहूं लागला आहे, आणि पाहून झाल्यावर एकच उद्गार काढतो : “किती खरे वाटतात हे !” या ‘खरे’ शब्दाचा थोडा शोध घ्यावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मल्याळी चित्रपटाचा आरंभ एका लज्जास्पद प्रसंगानें झाला, हें प्रथम सांगितलें पाहिजे. जे. सी. डॅनियल नांवाच्या एका तरुण ख्रिस्ती गृहस्थानें आपली मिळकत विकून ‘विगतकुमारन्’ नांवाचा मूकपट तयार केला. तो प्रथम दाखविला गेला तें वर्ष १९२८ कीं १९३०, याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहे. तो तिरुवनंतपुरम् येथील कॅपिटॉल थिएटरांत दाखविला गेला, याविषयीं नाहीं. देशांत पौराणिक चित्रपटांची चलती असतां डॅनियल यांनीं सामाजिक कथानक निवडलें. नायिकेचें काम पी. के. रोझी नांवाच्या स्त्रीनें केलें. ती अस्पृश्य मानलेल्या जातींतील होती, आणि पडद्यावर तिनें वठविलेली भूमिका होती नायर घराण्यांतील स्त्रीची. एवढें कारण पुरें झालें. प्रेक्षकांतील उच्चवर्णीयांनीं दंगा केला, पडद्यावर दगड भिरकावले; पुढें रोझीचें घर जाळण्यांत आलें आणि तिला आपला प्रांत सोडून परागंदा व्हावें लागलें. ती पुन्हा पडद्यावर कधीं दिसली नाहीं. डॅनियल यांनाही दुसरा कथापट काढतां आला नाहीं. १९७५ सालीं त्यांचें निधन झालें तें उपेक्षेंतच. १९९२ पासून केरळ सरकार चित्रपटक्षेत्रांतील आपलें सर्वोच्च पारितोषिक त्यांच्या नांवानें देत आलें आहे. ‘विगतकुमारन्’ ची प्रत मात्र कायमची नष्ट झाली आहे.

त्या दिवशींच्या दगडांचा अर्थ काय ? चित्रपटानें कांहीं खोटें सांगितलें म्हणून ते पडले नाहींत. एका जातीच्या स्त्रीनें दुसऱ्या जातीच्या स्त्रीचीं वस्त्रें नेसून प्रतिष्ठितांच्या समोर उभें राहावें, हें त्यांस सहन झालें नाहीं. खेळ पडद्यावर चालला होता, पण त्या दिवशीं समाजाचें खरें दर्शन घडलें तें खुर्च्यांवर बसलेल्या मंडळींत. आरसा समोर येतांच त्यांनीं तो फोडला. आणि आरसा फोडणारा मनुष्य आपण कसे आहोंत हें फुटण्याच्या आवाजानेंच सांगून जातो.

यानंतरच्या दुसऱ्या मूकपटाची हकीकत आम्हां महाराष्ट्रीयांस विशेष जवळची आहे. सी. व्ही. रामन पिळ्ळै यांच्या प्रसिद्ध कादंबरीवरून १९३३ सालीं ‘मार्तांडवर्मा’ हा चित्रपट निघाला. परंतु प्रकाशनहक्कासंबंधीं तंटा होऊन तो जप्त झाला व त्याची प्रत कित्येक वर्षें अडगळींत पडून राहिली. ती प्रत १९७४ सालीं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत सुखरूप येऊन पोहोंचली. १९६४ सालीं स्थापन झालेलें हें संग्रहालय ज्यांनीं नांवारूपास आणिलें ते पी. के. नायर हे तिरुवनंतपुरम् चे. परंतु त्यांचें आयुष्य पुण्यांत गेलें व २०१६ सालीं त्यांचा अंतही पुण्यांतच झाला. आमच्या दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांचे अवशेष जिवापाड जपणारे तेही हेच गृहस्थ. पुढें ज्यांनीं मल्याळी चित्रपटास कीर्ति मिळवून दिली ते अडूर गोपालकृष्णन्, जॉन अब्राहम, के. जी. जॉर्ज हे सर्व पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. आणि ही संस्था उभी आहे ती ‘कुंकू’ व ‘माणूस’ काढणाऱ्या प्रभात कंपनीच्या जुन्या जागेवर. तेव्हां मल्याळी बोलपट आम्हांस सर्वस्वी परका नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, ज्या प्रांतांत पडद्यावर दगड पडले, त्याच प्रांतांत सुमारें पंचवीस वर्षांत अस्पृश्यतेच्या पापावर बोट ठेवणारा चित्रपट निघाला व लोकांनीं तो डोक्यावर घेतला, हें कसें घडलें ? चित्रपट कांहीं आभाळांतून पडत नाहीं. त्याच्या पूर्वीं जमीन नांगरलेली असावी लागते. केरळांत ती अनेक हातांनीं नांगरली. नारायण गुरु (१८५६–१९२८) यांनीं जातिभेदाविरुद्ध उपदेश केला व मंदिरांबरोबर पाठशाळाही उभारल्या. अय्यन्काळी (१८६३–१९४१) यांनीं आपल्या लोकांच्या मुलांस शाळेंत प्रवेश मिळावा म्हणून शेतमजुरांचा संप घडवून आणिला; पोटाला चिमटा घेऊन शिक्षणासाठीं केलेला तो संप प्रत्येक विद्यार्थ्यानें लक्षांत ठेवावा असा आहे. १९३६ सालीं त्रावणकोर संस्थानानें मंदिरें सर्व हिंदूंस खुलीं केलीं. कोट्टयम् येथें बेंजामिन बेली या मिशनऱ्यानें छापखाना घातला. हर्मन गुंडर्ट या दुसऱ्या मिशनऱ्याचा मल्याळम् कोश १८७२ सालीं प्रसिद्ध झाला. सर्व कांहीं मिशनऱ्यांनींच केलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांनीं कांहींच केलें नाहीं असें म्हणणेंही तितकेंच अन्यायाचें होईल. १९४५ पासून पी. एन. पणिक्कर यांच्या प्रयत्नानें गांवोगांवच्या ग्रंथालयांचा संघ उभा राहिला. एप्रिल १९९१ मध्यें केरळ हें पूर्ण साक्षर राज्य म्हणून जाहीर झालें, त्याच्या मागें या साऱ्या श्रमांची पुण्याई होती. ज्या गांवांत वाचनालय आहे त्या गांवचा प्रेक्षक चित्रपटगृहांतही वाचकाच्या डोळ्यांनींच बसतो. उरूब, तकळी, एम. टी. वासुदेवन् नायर यांसारखे थोर लेखक तेथें चित्रपटाच्या दाराशीं आले ते यामुळेंच.

याचें पहिलें मोठें फळ म्हणजे १९५४ चा ‘नीलक्कुयिल’. कथा उरूब यांची, दिग्दर्शक पी. भास्करन् व रामु कार्याट. श्रीधरन् नांवाचा एक शाळामास्तर नीली नांवाच्या अस्पृश्य मुलीवर प्रेम करितो. परंतु तिला दिवस गेल्यावर लोक काय म्हणतील या भयानें तिला झिडकारतो व स्वजातींत लग्न करून प्रतिष्ठेनें राहूं लागतो. नीली मरते, तिच्या अर्भकास उचलून घरीं नेतो तो गांवचा पोस्टमन शंकरन् नायर. लोकनिंदेस न जुमानतां तो त्या मुलास वाढवितो, आणि अखेरीस मास्तरास आपल्या मुलापुढें मान खालीं घालून उभें राहावें लागतें. आमच्या ‘श्यामच्या आई’ स राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें, त्याच्या पुढच्याच वर्षीं ‘नीलक्कुयिल’ ला रौप्यपदक मिळालें. येथें लेखकानें अपराधी म्हणून कोणास उभें केलें तें पाहावें. खलनायक कोणी जमीनदार किंवा दरोडेखोर नाहीं. मुलांस सदाचाराचे धडे देणारा मास्तर आहे. ज्ञान असून धैर्य नाहीं, हा सुशिक्षिताचा रोग आहे. आणि तो रोग त्या चित्रपटानें अचूक ओळखला.

तरी एक गोष्ट येथेंही नोंदविली पाहिजे. नीलीचें काम केलें तें ख्रिस्ती कुटुंबांतील एका नटीनें. अस्पृश्य स्त्रीनें नायर स्त्रीचें सोंग घेतलें तेव्हां दगड पडले; वरच्या मानलेल्या समाजांतील स्त्रीनें अस्पृश्य स्त्रीचें सोंग घेतलें तेव्हां टाळ्या पडल्या. टाळ्या योग्यच होत्या. परंतु रोझीची जागा रिकामीच राहिली होती.

पुढील वर्षीं, १९५५ मध्यें, ‘न्यूजपेपर बॉय’ हा चित्रपट प्रसिद्ध झाला. पी. रामदास व त्यांचे सहकारी हे त्या वेळीं कॉलेजांतील विद्यार्थी होते. इटालियन चित्रपटांविषयीं वाचून त्यांनीं आपल्या गरीब प्रांतांतील एका गरीब मुलाची कथा साध्या रीतीनें सांगण्याचें धाडस केलें. धंद्याच्या दृष्टीनें त्यांना यश आलें नाहीं; परंतु आज त्या वर्षीं गाजलेले कित्येक चित्रपट विसरले गेले असतां या विद्यार्थ्यांचें नांव इतिहासांत राहिलें आहे. आमच्या विद्यार्थिवाचकांस एवढेंच सांगणें कीं, वयाची सबब नेहमींच खरी असते असें नाहीं.

१९६५ चा ‘चेम्मीन’ म्हणजे ‘कोळंबी’. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या १९५६ च्या कादंबरीवरून रामु कार्याट यांनीं तो काढला, आणि दक्षिणेकडील चित्रपटास राष्ट्रपतींचें सुवर्णपदक प्रथमच मिळालें. त्याचें संगीत बंगालच्या सलील चौधरी यांचें व संकलन हृषिकेश मुखर्जी यांचें. कोळ्याची मुलगी करुत्तम्मा व मुसलमान व्यापारी परीक्कुट्टि यांचें प्रेम. तिचें पळनी नांवाच्या कोळ्याशीं लग्न. आणि, नवरा दर्यावर असतां बायको एकनिष्ठ न राहिली तर दर्या नवऱ्यास गिळतो, ही समजूत, यांवर ती कथा उभी आहे. कोकण किनाऱ्यावरील आमच्या वाचकांस त्यांतील होड्या, जाळीं, मासळीचे वाटे व कर्जाचा फास हीं ओळखीचीं वाटतील. चित्रपट नितान्तसुंदर आहे. तरी आमच्या मनांत एक शंका राहते. समुद्रावर नवरा बुडाला तर दोष किनाऱ्यावरील बायकोचा, ही समजूत चित्रपट दाखवितो. पण शेवटीं पळनी खरोखरच बुडतो, तेव्हां तो ती समजूत खरीही करून टाकतो. रूढि दाखविणें निराळें व रूढीस साक्ष देणें निराळें. सौंदर्यानें डोळे दिपले असतां हा भेद नजरेंतून निसटतो, म्हणून सुंदर चित्रपट अधिक सावधपणें पाहावा असें आम्ही म्हणतों.

असा सावधपणा ज्यांत कलावंतानेंच बाळगला आहे असे दोन चित्रपट आम्ही नमूद करितों. एम. टी. वासुदेवन् नायर यांचा ‘निर्माल्यम्’ (१९७३) हा अंगांत देवीचा संचार होऊन कौल देणाऱ्या एका भगताची कथा सांगतो. देवळाचें उत्पन्न आटलें, गांवाची श्रद्धा आटली, घरांत चूल पेटेना. तरी गांवास संकट आलें कीं देवीचा कोप उतरविण्यासाठीं त्यालाच बोलावणें येतें. अखेरीस तलवारीनें स्वतःचें कपाळ फोडीत नाचत असतां तो तोंडांतील रक्त देवीच्या मूर्तीवर थुंकतो. ही भूमिका करणारे पी. जे. अँटनी जन्मानें ख्रिस्ती. त्यांस या कामाबद्दल राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. परधर्मीयानें देवळांतील भगत व्हावें याचा कोणीं विषाद मानला नाहीं, आणि चित्रपटाचा तो भयंकर शेवटही लोकांनीं समजून घेतला. ज्या समाजांत अशी कलाकृति शांतपणें पाहिली जाते, तो समाज त्या घटकेपुरता तरी मोठा असतो.

दुसरा, अडूर गोपालकृष्णन् यांचा ‘एलिप्पत्तायम्’ म्हणजे ‘उंदराचा सापळा’ (१९८१). नायर लोकांत पूर्वीं वंश व मिळकत आईकडून चालत असे. मोठ्या एकत्र घरास ‘तरवाड’ म्हणत व त्याचा कारभार मामाच्या हातीं असे. जमीनसुधारणेच्या कायद्यानें १ जानेवारी १९७० पासून कुळें जमिनीचीं मालक होऊं लागलीं, आणि १९७५ च्या कायद्यानें एकत्र कुटुंबपद्धतिच रद्द झाली. ‘एलिप्पत्तायम्’ मधील उण्णी हा अशाच ओसरत्या घराचा धनी आहे. अंगणांत गाय शिरली तर तिला हाकलावयास तो बहिणीस हांक मारतो. लग्नाला निघतो, तों वाटेंत चिखलाचें डबकें लागतें म्हणून परत फिरतो. त्याची सारी उठबस करणारी बहीण राजम्मा आजारी पडून जाते, तेव्हां त्याच्या हातीं कांहींच उरत नाहीं. दिग्दर्शक एक शब्दही उपदेशाचा बोलत नाहीं. बसून खाण्याचा हक्क मनुष्यास कसा पोखरतो, हें डोळ्यांनींच दिसतें.

कोणी म्हणेल, पारितोषिकें मिळविणारे असे चित्रपट मूठभर लोकांनीं पाहिले; सामान्य जनांस काय आवडलें तें सांगा. आक्षेप रास्त आहे. सामान्यांस आवडलेल्या विनोदी बोलपटांकडे पाहूं. ‘नाडोडिक्काट्टु’ (१९८७) मधील दासन् व विजयन् हे दोन बेकार तरुण दुबईस जाण्यासाठीं गलबतांत बसतात आणि उतरतात मद्रासच्या किनाऱ्यावर. प्रेक्षक पोट धरून हंसले. पण घरोघरचा एक तरी मुलगा आखातांत होता किंवा जाण्याच्या खटपटींत होता, म्हणून त्या हंसण्यास अर्थ होता. ‘वरवेल्पु’ (१९८९) चा नायक आखातांत मिळविलेल्या पैशांतून बस घेतो व स्वदेशीं परतून नागवला जातो. ‘संदेशम्’ (१९९१) मध्यें दोन सख्खे भाऊ दोन पक्षांचे झेंडे घेऊन एकाच घरांत भांडतात व आईबापांकडे पाहावयास कोणी रिकामा नसतो. पुढें २०१५ च्या ‘पत्तेमारी’ नें पूर्वींच्या काळीं गलबतानें आखातांत गेलेल्या व घरच्यांसाठीं तेथेंच झिजलेल्या मनुष्याची करुण कहाणी सांगितली. कोकणांतील वाचकांस ‘फत्तेमारी’ हा गलबताचा शब्द आठवेल. तोच हा शब्द. ज्या घरीं बाप मुंबईस किंवा परदेशीं राहून मनीऑर्डर पाठवीत असे, त्या घरास हे बोलपट भाषांतराशिवायही समजतील.

येथवर आम्ही स्तुति केली. आतां दुसरी बाजू. जमीनदारी कायद्यानें गेली, तरवाडें मोडलीं. परंतु १९९० नंतरच्या दहा वर्षांत पडद्यावर तींच पुन्हा उभीं राहिलीं. ‘देवासुरम्’ (१९९३), ‘आराम् तंपुरान्’ (१९९७) यांसारख्या लोकप्रिय बोलपटांत मोठ्या वाड्याचा मालक, मिशांवर ताव देणारा पुरुष हाच वीर ठरला. ज्या उण्णीस १९८१ मध्यें सापळ्यांत अडकलेला उंदीर म्हणून दाखविलें, त्याचाच भाऊबंद आतां सिंह होऊन आला. हे बोलपट कौशल्यानें काढलेले आहेत व त्यांची गोडी आम्ही नाकारीत नाहीं. पण जें लोकांच्या जीवनांतून गेलें तें त्यांच्या स्वप्नांतून गेलें नव्हतें, ही गोष्ट त्यांतून उघड होते. आणि त्या वाड्याच्या मागील दारीं राबणारे लोक ? ते या चित्रांत बहुधा दिसत नाहींत. कोची शहर ज्यांच्या जमिनींवर वाढलें त्या दलितांची कथा ‘कम्मट्टिपाडम्’ नें ठळकपणें सांगितली, ती २०१६ सालीं.

याप्रमाणेंच एक खोली अशी होती कीं जिच्यांत मल्याळी चित्रपट रोज जाऊन येत असे, पण थांबत नसे. ती म्हणजे स्वयंपाकघर. २०२१ च्या जानेवारींत जिओ बेबी यांचा ‘द ग्रेट इंडियन किचन’ प्रसिद्ध झाला. मोठ्या कंपन्यांनीं तो प्रथम घेतला नाहीं. एका लहानशा मल्याळी संस्थेनें तो घरोघर दाखविला, आणि मग त्याची कीर्ति सर्वत्र पसरली. नव्यानें लग्न होऊन आलेली एक सुशिक्षित मुलगी. तिला नांवसुद्धां दिलेलें नाहीं. चिरणें, वाटणें, शिजविणें, वाढणें, उष्टीं काढणें, भांडीं घासणें, आणि पुन्हा चिरणें. भात चुलीवरचाच हवा, कपडे हातानेंच धुतलेले हवेत, अशी सासऱ्यांची गोड शब्दांत सांगितलेली आज्ञा. मोरीची नळी गळते. नवऱ्यास दहादां सांगूनही तो ती दुरुस्त करवीत नाहीं. कोणी मारीत नाहीं, कोणी ओरडत नाहीं. तरी प्रेक्षकाचा जीव गुदमरतो. हा नवरा धंद्यानें कोण ? शाळामास्तर, आणि वर्गांत तो मुलींस शिकवितो तें कुटुंबसंस्थेविषयीं. १९५४ मधील श्रीधरन् मास्तर व २०२१ मधील हा मास्तर यांच्या मध्यें सदुसष्ट वर्षें उलटलीं, राज्य पूर्ण साक्षर झालें. पण फळ्यावर लिहिलेलें घराच्या उंबऱ्याशीं पुसलें जातें, हा आरोप जशाचा तसा राहिला. साक्षरतेच्या आंकड्यांस भुलणाऱ्या आपणां सर्वांस ही चपराक आहे.

आणि ज्यांनीं आरसा धरिला त्यांच्या घरचें काय ? फेब्रुवारी १९१७ ची नव्हे, २०१७ ची गोष्ट. केरळांत एका नटीवर अत्याचार झाला. तेव्हां चित्रपटांत काम करणाऱ्या स्त्रियांनीं एकत्र येऊन संघटना स्थापिली, व त्यांच्या मागणीवरून सरकारनें न्यायमूर्ति के. हेमा यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीसमिति नेमली. समितीनें ३१ डिसेंबर २०१९ रोजीं अहवाल दिला. तो लोकांस वाचावयास मिळाला १९ ऑगस्ट २०२४ रोजीं, तोही कांहीं भाग गाळून. स्त्रियांचा छळ, कामाच्या जागीं साध्या मुतारीचीही वाण, आणि तोंड उघडल्यास काम बंद होण्याचें भय, असें त्यांत नमूद आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ दिसतें, आपल्या डोळ्यांतील मुसळ दिसत नाहीं, ही आमची म्हण शुभवर्तमानांतील वचनाशीं किती जुळते ! तथापि हेंही विसरूं नये कीं, ती समिति नेमली गेली तोंवर देशांतील इतर चित्रपटधंद्यांत अशी चौकशी झालीच नव्हती. ज्या धंद्यांतील स्त्रियांनीं रोझीच्या नांवानें २०१९ मध्यें चित्रपटमंडळ काढिलें, त्यांनींच हा आरसा आपल्या मालकांपुढेंही धरिला. दगड पडले त्या दिवसापासून येथवरची ही वाट लांब आहे. ती चालली गेली, एवढें मात्र खरें.

आमच्यासारख्या मिशन शाळेच्या वाचकांनीं ‘ई. म. यौ.’ (२०१८) या चित्रपटाचाही विचार करावा. समुद्रकांठच्या एका गरीब कॅथलिक कुटुंबांतील बाप मरतो. त्याची अंत्ययात्रा थाटांत काढीन असें वचन मुलानें दिलेलें असतें. जवळ पैसा नाहीं, शेजाऱ्यांच्या जिभा मोकळ्या, आणि धर्मगुरूच्या मनांत मृत्यूविषयीं संशय. अखेरीस मुलगा आपल्या अंगणांतच बापासाठीं खड्डा खणतो. दिग्दर्शक स्वतः ख्रिस्ती समाजांतील आहे. आपल्या लोकांची श्रद्धा, पोकळ थाट व निष्ठुरता हीं तिन्ही त्यानें एकाच तराजूंत घातलीं. दुसऱ्याचे दोष दाखविण्यास बुद्धि पुरते; आपल्या माणसांचे दाखविण्यास प्रेम व धैर्य दोन्ही लागतात.

तर मग मल्याळी बोलपट हा समाजाचा आरसा कीं पडदा ? आमचें प्रांजळ मत असें कीं, तो दोन्ही आहे, व कोणत्या वेळीं काय व्हावें हें धरणाऱ्याच्या हातावर व पाहणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून आहे. चित्रपट समाजाचें प्रतिबिंब आपोआप दाखवितो हें खरें नाहीं. कोणीतरी तो नेमका त्या कोपऱ्यांत नेऊन धरावा लागतो, जेथें घरच्यांनीं केर सारून ठेविला आहे. आणि प्रेक्षकानें दगड न उचलतां तेथें पाहावें लागतें. मल्याळी लोकांचें वैशिष्ट्य हें नव्हे कीं त्यांच्यांत केर नाहीं. तो पाहण्याची संवय त्यांनीं शाळा, वाचनालयें व चळवळी यांच्या द्वारें हळूहळू लावून घेतली, आणि मधूनमधून ते ती विसरलेही, हें त्यांच्या चित्रपटांचें खरें सांगणें आहे.

विद्यार्थिमित्रांनो, यापुढें चित्रपट पाहाल तेव्हां मनाशीं तीन प्रश्न विचारीत चला. या कथेंत हंसें कोणाचें होतें ? काम कोण करितें व जेवतें कोण ? आणि या गांवांत राहणारा असा कोण आहे, जो पडद्यावर एकदांही आला नाहीं ? हे प्रश्न केवळ सिनेमापुरते नाहींत. वार्षिक स्नेहसंमेलनाचें नाटक बसवितांना राजाचें काम कोणास द्यावें, दासीचें कोणास, आणि पडदा ओढावयास कोणास उभें करावें, हें ठरतें तेव्हांही ते आपणांपुढें उभे असतात. रोझीवर पडलेले दगड फार दूर, फार पूर्वीं पडले असें समजून आपण निश्चिंत होऊं नये. येत्या संमेलनाच्या वेळीं पात्रांची यादी लिहावयास बसाल, तेव्हां ती एकवार पुन्हा वाचून पाहावी, एवढीच आमची विनंति आहे.